मनसर–खवासा पट्ट्यातले प्राण्यांचे अंडरपास: आठवड्याला दोन फेऱ्या मारणाऱ्याचा अभिप्राय

पूल लागतो आणि खाली नदी नसते. नागपूरहून सिवनीकडे जाताना मनसर सोडलं की थोड्या वेळाने हे जाणवायला लागतं. गाडी जराशी वर चढते, दोन्ही कडांना उंच आडोसे येतात, चाकांचा आवाज बदलतो, आणि पूल संपतच नाही. पाणी तर कुठे दिसत नाही. पहिलं वर्षभर मला वाटायचं, खाली एखादा नाला असेल, पावसाळ्यात वाहत असेल. नंतर कळलं की हे पूल आपल्यासाठी नाहीतच. आपण वरून जातो ते खालच्यांच्या सोयीसाठी.

मी औषधांची खोकी पोहोचवतो. आठवड्यातून दोन फेऱ्या, सोमवारी आणि गुरुवारी. संध्याकाळी माल भरतो, रात्री सिवनीत उतरवतो, मध्यरात्रीनंतर रिकामी गाडी घेऊन परत निघतो. रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४४, आमच्यातले जुने लोक अजून ‘सात नंबर’च म्हणतात. पवनी, देवलापार, मग खवासा आणि मध्य प्रदेशची हद्द. हा सगळा पट्टा पेंचच्या जंगलाचा. वीस वर्षं हा रस्ता बघतोय. या रस्त्याच्या टोलबद्दल, खड्ड्यांबद्दल लोक भरभरून लिहितात. खालच्या अंडरपासांबद्दल कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही, म्हणून मीच लिहितो.

आधी जुन्या रस्त्याचं सांगितलं पाहिजे, नाहीतर नव्याचं मोल कळणार नाही.

डिसेंबर २०११. तेव्हा रस्ता दोनपदरी होता, सागाची झाडं अगदी अंगावर आलेली. पहाटे तीनच्या सुमाराला देवलापारच्या अलीकडे समोरून ट्रक आला. त्याचे दिवे थेट डोळ्यांवर. तो बाजूने गेला आणि पुढच्याच क्षणी माझ्या दिव्यांत चितळाची मादी उभी. पळाली नाही. मी ब्रेक दाबला, पण लागायचं ते लागलंच. उतरून बघतो तर तिचे पुढचे पाय हलत होते, मागचे हलत नव्हते. थंडीत तिच्या नाकातून वाफ निघत होती, आधी भराभर, मग सावकाश. पलीकडच्या कडेला कळपातली बाकीची उभी होती. बॅटरी मारली तर नुसते डोळे चमकायचे. कुणाला फोन करायचा हे मला माहीत नव्हतं. पाऊण तास मी तिच्याजवळ बसून होतो. वाफ दिसेनाशी झाली तेव्हा उठलो. ती इतकी जड असेल असं वाटलं नव्हतं. एकट्याने तिला रस्त्याच्या कडेला ओढताना हाताला तिच्या अंगाची ऊब लागत होती.

ती पळाली का नाही, हा प्रश्न मला कितीतरी दिवस पुरला. पुढे समजलं. या जनावरांचे डोळे काळोखात बघण्यासाठी घडलेले असतात. डोळ्याच्या मागे आरशासारखा एक पडदा असतो, म्हणून तर ते चमकतात. थोडासा उजेड मिळाला की त्यांना पुरतो. अशा डोळ्यांवर आपला मोठा दिवा पडला की त्यांना काही म्हणजे काही दिसत नाही. जे दिसत नाही त्यापासून कुठल्या बाजूला पळणार? जागेवर थांबणं एवढंच उरतं. आपण म्हणतो जनावर मध्ये आलं. ते त्याच्या वाटेने चाललेलं असतं.

चौपदरीकरणाची चर्चा सुरू झाली तेव्हा म्हणूनच मला धास्ती होती. दोन पदरांवर ही गत, तर चार पदर, मधे दुभाजक आणि दुप्पट वेग असताना काय होईल? रुंदीकरणावरून बरीच वर्षं वाद चालला, कोर्टकचेऱ्या झाल्या, काम रखडलं. आम्ही गाडीवाले तेव्हा खड्ड्यांना वैतागून त्या वादाला नावं ठेवायचो. आज मला वाटतं तो वाद झाला हे बरं झालं. तसा न होता रस्ता नुसता रुंद झाला असता तर त्या जंगलाचे दोन तुकडे पडले असते.

जे बांधलं ते असं. महाराष्ट्राच्या बाजूला एकूण ९ बांधकामं आहेत: ५ अंडरपास आणि ४ छोटे पूल. सगळ्यांत लहान ५० मीटर रुंद, सगळ्यांत मोठं ७५० मीटर. पाऊण किलोमीटर रस्ता खांबांवर उचललाय, खालून जनावरं जावीत एवढ्यासाठी. हद्द ओलांडून सिवनीकडे गेलं की तिथेही अशी बांधकामं आहेत, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना सुमारे ४ मीटर उंच पोलादी भिंती. आवाज आणि दिव्यांचा झोत जंगलात जाऊ नये म्हणून.

गाडीवाला म्हणून विचाराल तर तक्रारीला जागा नाही. रात्रीचं चालवणं पूर्वीपेक्षा कितीतरी शांत झालंय. आडोशांच्या मधून जाताना स्टिअरिंगवरची पकड आपोआप सैल होते, कारण बाजूच्या झाडीतून काही उडी मारेल ही भीती तेवढ्यापुरती जाते. ज्यांनी जुना रस्ता रात्री चालवलाय त्यांना मी काय म्हणतो ते लगेच समजेल. त्या वेळी एकेक डोळा कडेच्या अंधारात ठेवूनच गाडी चालवायची सवय होती. घरी पोहोचलं की मान आखडलेली असायची.

पण पुलाची खरी पारख पुलाखाली. ती संधी मला तीन वर्षांपूर्वी मिळाली. रस्त्यावर मरणाऱ्या जनावरांची मोजणी करणाऱ्या स्वयंसेवकांत मी नाव दिलं होतं. त्या निमित्ताने एका सकाळी वनरक्षकांसोबत, रीतसर परवानगीने, एका मोठ्या अंडरपासखाली जायला मिळालं. येणारी-जाणारी जनावरं टिपायला खाली कॅमेरे लावलेत, त्यांची कार्डं बदलायला ते निघाले होते. (परवानगीशिवाय तिथे कुणी उतरू नये. तो जंगलाचा भाग आहे, फिरायची जागा नव्हे.)

खाली उतरल्यावर पहिल्यांदा जाणवला तो गारवा, आणि मग माती. पुलाच्या छताखाली पाऊस पोहोचत नाही, त्यामुळे मधल्या भागात गवत नव्हतं, पिठासारखी बारीक कोरडी धूळ होती. त्या धुळीत सगळं लिहिलेलं. चितळांचे खूर इतके दाट की एकावर एक चढलेले. कडेला रानडुकरांनी मुसकटाने उकरलेले खड्डे. मधून एक सरळ रेघ गेली होती, बोटभर रुंद. वनरक्षक म्हणाले, “साप गेला भाऊ, सकाळीच.” खांबांच्या बुडाशी लेंड्यांचे ढीग, काही काळे चमकदार, काही वाळून करडे पडलेले. एका खांबाला जमिनीपासून हातभर उंचीवर चिखलाचा पट्टा घासून चकचकीत झाला होता. डुकरं तिथे अंग घासतात. रस्ता खात्याने बांधलेल्या काँक्रीटच्या खांबाचं त्यांनी झाड करून टाकलं होतं.

मी तिथे एका दगडावर टेकणार तोच ते म्हणाले, “नका बसू. वास राहते. आज रात्रीचे जनावर मग थबकते.” मी उभाच राहिलो. त्या माणसाने हे इतक्या सहज सांगितलं, जसं आपण पाहुण्याला ओल्या लादीवरून जपून यायला सांगतो.

मग आवाज. वरून गाड्यांची घरघर तर होतीच, पण ती सतत असते, कान तिला लवकर विसरतो. विसरता येत नव्हता तो दुसरा आवाज: धप्-धप्. थोड्या वेळाने पुन्हा धप्-धप्. पुलाच्या दोन तुकड्यांमध्ये जो सांधा असतो त्यावरून गाडीची पुढची आणि मागची चाकं गेली की हा आवाज होतो. भरलेला ट्रक गेला की खांबाला हात लावून कळतं. वर गाडीत बसून तोच सांधा मी हजारदा ओलांडलाय. स्टिअरिंगला दोन बारीक धक्के बसतात, इतकंच. खाली तो कसा ऐकू येतो हे त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. तेव्हापासून सांधा आला की पाय आपोआप थोडा हलका होतो. सांध्याची डागडुजी वेळच्या वेळी झाली तर हा आवाज बराच कमी करता येईल. रबर झिजलं की धक्का वाढतो, हे कुठलाही गाडीवाला सांगेल.

आता हे काम करतं का, याचं उत्तर मी माझ्या दोन डोळ्यांवर देणार नाही. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये मार्च ते डिसेंबर असे दहा महिने या नऊ ठिकाणी कॅमेरे लावून ठेवले होते. त्यात १८ जातींचे वन्यप्राणी खालून जाताना टिपले गेले. चितळ, सांबर, नीलगाय, रानगवा, रानडुक्कर, रानकुत्रे, बिबट्या, रानमांजर, ससा. आणि वाघ. अकरा वेगवेगळे वाघ, मिळून ८९ वेळा. वेगवेगळे हे कसं ठरवलं, तर पट्ट्यांवरून. माणसाच्या बोटांचे ठसे जसे निरनिराळे तसे वाघाचे पट्टे. वाघ एखाद्या वेळी चुकून खाली उतरला असेल असं कुणी म्हणेल, पण ८९ वेळा कुणी चुकत नाही. त्यांनी तो रस्ता आपलासा केलाय.

हे मोठं का आहे ते सांगतो. वाघाचं पोर मोठं झालं की त्याला आईची हद्द सोडावी लागते. नवी जागा शोधत ते निघतं. पेंचमधून निघालेल्या वाघाला कान्हाकडे जायचं असो की नागझिराकडे, वाटेत कुठेतरी रस्ता आडवा येतोच. तो ओलांडता आला नाही तर दोनच गोष्टी होतात: गाडीखाली जातो, किंवा मागे फिरतो आणि आधीच भरलेल्या जंगलात मारामारी करतो. पिढ्यान्‌पिढ्या असं चाललं की एका जंगलातले वाघ आपसातच वाढत राहतात आणि रक्त कमजोर होत जातं. रस्त्यावर मेलेलं जनावर आपल्याला दिसतं. रस्त्याला घाबरून मागे फिरलेलं दिसत नाही, आणि त्याची मोजणी कुठल्याच वहीत होत नाही. अंडरपास दोन्हींवर इलाज करतो.

इथे मला माझा मुख्य मुद्दा मांडायचाय, आणि तो जरा तावातावाने मांडणार आहे. प्रत्येक मोरी म्हणजे अंडरपास नव्हे. हल्ली अनेक रस्त्यांवर मी बघतो, पाणी जायला टाकलेली काँक्रीटची पेटी, तिच्याजवळ हरणाचं चित्र असलेला फलक, झाला प्राण्यांचा अंडरपास! असं चालत नाही, आणि का चालत नाही याचं सोपं गणित आहे. जनावराच्या नजरेने बघायचं. तोंडाची रुंदी गुणिले उंची, भागिले जेवढं अंतर आत चालायचं ते अंतर. समजा मोरी २ मीटर रुंद, २ मीटर उंच आणि वरचा रस्ता ३० मीटर रुंद. चार भागिले तीस, म्हणजे ०.१३. आता १०० मीटर रुंद, ५ मीटर उंच अंडरपास घ्या, रस्ता तोच. पाचशे भागिले तीस, म्हणजे साडेसोळाच्या वर. सव्वाशे पट मोकळं. पहिल्यात बघितलं की काळं भोक दिसतं आणि टोकाला नाण्याएवढा उजेड. दुसऱ्यात पलीकडची झाडं दिसतात. चितळ हे कायम शिकार होणारं जनावर आहे. त्याच्या जिवाचा सगळा भरवसा दूरवर बघण्यावर आणि पळायला जागा असण्यावर. ते काळ्या भोकात शिरेल का? ते रस्त्यावरच चढणार. आणि चितळ गेलं नाही तर त्याच्या मागे येणारा वाघही तिथे कशाला येईल?

याचा अर्थ लहान मोरी टाकाऊ, असं मात्र नाही. मुंगूस, साळिंदर, उदमांजर, घोरपड यांना अरुंद आणि आडोशाची जागा चालते. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात हे फार बारकाईने बघितलं गेलंय. तिथे ट्रान्स-कॅनडा महामार्गावर ६ ओव्हरपास (जनावरांनी रस्त्याच्या वरून जायचे पूल) आणि ३८ अंडरपास आहेत. ग्रिझली अस्वलं, लांडगे, एल्क आणि मूस ही तिथली मोठी हरणं, यांना मोकळे, उंच, रुंद रस्ते लागतात. काळी अस्वलं आणि कूगर (तिथलं मोठं रानमांजर, प्यूमा) अरुंद, काळोख्या जागा पसंत करतात. म्हणजे एकच माप सगळ्यांना बसत नाही. पेंचमध्ये मोठे आणि छोटे असे दोन्ही प्रकार आहेत ही म्हणूनच जमेची बाजू.

बॅन्फची आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांनी लक्षात घ्यावी. नुसते पूल बांधून तिथे काम भागलं नाही. दोन्ही बाजूंना २.४ मीटर उंच कुंपण घातलं, तेव्हा जनावरं आणि गाड्यांच्या टकरी ८० टक्क्यांहून जास्त घटल्या. एल्क आणि हरणांच्या बाबतीत तर ९६ टक्क्यांहून. कुंपण जनावराला पुलाकडे वळवतं. आणि धीर धरावा लागतो. ग्रिझली अस्वलांना त्या पुलांची सवय व्हायला पाचेक वर्षं लागली. पहिल्या वर्षी कॅमेऱ्यात काही आलं नाही म्हणून ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणणारे तिथेही होते. आपल्याकडे वाघ इतक्या लवकर खालून जायला लागले, त्यात मला तरी एकच कारण दिसतं: वर भिंत असली तरी खाली जमीन तीच राहिली. जंगलाची वाट जिथून जात होती तिथेच रस्ता उचलला. त्या म्हाताऱ्या चितळ माद्या ज्या वाटेने पाण्यावर जायच्या, त्याच वाटेने अजूनही जातात.

आता उणिवा. मोजणीत मी तीन पावसाळे घालवलेत, त्यामुळे यातलं ऐकीव काही नाही.

सगळ्यांत मोठी उणीव म्हणजे टोकं. आडोसा किंवा कुंपण जिथे संपतं तिथे काय होतं? जनावर रस्त्याच्या कडेने चालत येतं, भिंत आहे म्हणून पुढे जातं, पुढे जातं, भिंत संपली की वळतं आणि रस्त्यावर येतं. आम्हाला मोठी मेलेली जनावरं सापडली ती बहुतेक अशा टोकांजवळ. एके ठिकाणी तर दोन आठवड्यांत दोन सांबर, त्याच खुणेच्या दगडापासून हाकेच्या अंतरावर. टोक झाडीत आत वळवून घेतलं, किंवा थेट पुढच्या मोरीपर्यंत नेलं, तर हे टळतं. काम मोठं नाही. पण ते कुणाच्या कागदावर आहे हेच समजत नाही.

दुसरी उणीव लहान जिवांची. पहिल्या पावसाच्या रात्री तुम्ही या रस्त्याने गेलात तर डांबरावर बेडूक दिसतील. शेकड्यांनी. ते डबक्याकडे निघालेले असतात, सरळ रेषेत, आणि त्यांच्यासाठी मैलभर पुढे असलेला अंडरपास असून नसल्यासारखा. बेडूक वळसा घालत नाही. साप संध्याकाळी तापलेल्या डांबरावर ऊब घ्यायला येतात. रातवा पक्षी रस्त्यावरच बसतो, दिव्यात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल दिसतात आणि शेवटच्या क्षणी उडतो, कधी उडत नाही. सकाळी फुटपट्टी घेऊन आम्ही हे मोजत चालतो. एकदा माझ्या पुढ्यात एक बेडकी होती, टायर तिच्या अर्ध्या अंगावरून गेलेला, आणि उरलेल्या अर्ध्या अंगाला भिजल्या मिरीसारखी काळी अंडी चिकटलेली. वहीत ती ‘१’ म्हणून गेली. त्या एकात किती गेले, याला रकाना नाही. रस्त्याच्या कडेला गुडघाभर उंचीची गुळगुळीत पट्टी लावून बेडकांना मोरीकडे वळवता येतं, बाहेरच्या देशांत तसं करतात. इथे मला ती कुठे दिसली नाही.

तिसरी गोष्ट माकडांची, आणि यात चूक आपली आहे. कितीही उंच भिंत असली तरी माकड चढतं. ते रस्त्यावर येतं कारण गाड्या थांबवून लोक त्याला खायला घालतात. तमिळनाडूत अनमलईच्या डोंगरात सिंहपुच्छ माकडांसाठी रस्त्यावरून झाडाला झाड जोडणारे झुलते पूल बांधलेत आणि माकडं ते वापरतात. पण आपण खिडकीतून बिस्किटं टाकत राहिलो तर झुलता पूलही काही करणार नाही. मेलेल्या माकडाच्या हातात मी अर्धं बिस्किट बघितलंय.

चौथी, आणि ही बऱ्याच जणांना ठाऊक नसते: रस्त्यावर सांडलेलं धान्य. ट्रकच्या फटीतून गहू-तांदूळ गळतो. रात्री तो टिपायला उंदीर येतात, उंदरामागे घुबड आणि साप येतात, आणि गाडी सगळ्यांवरून जाते. सकाळी ते मेलेलं खायला मुंगूस येतं, कोल्हा येतो, आणि तोही जातो. एका मुठीएवढ्या गळतीत एवढी मोठी साखळी. म्हणून मेलेलं जनावर रस्त्यावरून लगेच उचललं गेलं पाहिजे. ते काम कधी तासाभरात होतं, कधी दोन दिवस तसंच पडून असतं.

आणि खाली माणसांचा वावर. आम्ही गेलो त्या अंडरपासच्या एका टोकाला प्लास्टिकचे ग्लास आणि चुलीची राख होती. वनरक्षकांनी ते सगळं एका पिशवीत भरलं, काही न बोलता. गुरांच्या वाटाही तिथूनच जातात. गुराख्याला मी दोष देत नाही, त्यालाही पलीकडे जायचंय. पण गावाजवळ गुरांसाठी आणि माणसांसाठी वेगळी वाट दिली तर ही वाट रानासाठी मोकळी राहील. दारू पिऊन तिथे चूल पेटवणाऱ्यांना मात्र मी माफ करू शकत नाही.

त्या सकाळी कार्ड बदलताना वनरक्षकांनी छोट्या पडद्यावर काही फोटो दाखवले. बरेचसे चितळ, मग साळिंदर, मग रिकामे, वाऱ्याने हललेल्या फांदीचे. मग एक वाघीण. ती थांबलेली नव्हती, चालत होती, मान खाली, खांद्याची हाडं वर आलेली, मागच्या पायाजवळ उडालेली धूळ सुद्धा दिसत होती. फक्त एक कान वर वळलेला, छताकडे. कोपऱ्यात तारीख आणि वेळ: शुक्रवार, पहाटे २ वाजून ४१ मिनिटं. गुरुवारची माझी फेरी. त्या सुमाराला मी परतीच्या वाटेवर याच पट्ट्यात असतो. घरी येऊन टोलच्या पावत्या काढून वेळ जुळवून बघितली. दहा-पंधरा मिनिटांच्या आतबाहेर मी त्या पुलावर असणार. तिचा कान ज्या सांध्याच्या आवाजाने वळला तो माझ्या चाकांचा होता की दुसऱ्या कुणाच्या, ते कळायला मार्ग नाही. पण ती चालत राहिली. मी त्या फोटोकडे बराच वेळ बघत होतो, आणि मला २०११ ची ती चितळ आठवली.

पाचपैकी चार तारे देतो. एक राखून ठेवलाय, टोकांसाठी आणि बेडकांसाठी.

या रस्त्याने जाणार असाल तर एवढं करा. जखमी किंवा मेलेलं जनावर दिसलं तर महाराष्ट्राच्या हद्दीत वन विभागाचा १९२६ हा क्रमांक लावा, आणि रस्त्यात अडथळा असेल तर महामार्गाचा १०३३. जवळचा किलोमीटरचा दगड बघून आकडा सांगा, ‘देवलापारजवळ’ एवढ्याने कुणाला काही सापडत नाही. दोन्ही क्रमांक आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा. त्या पहाटे माझ्याकडे एकही नव्हता. पुलावर गाडी थांबवून खाली डोकावू नका, हॉर्न वाजवू नका, खिडकीतून काही टाकू नका. पुलाबाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात समोरून गाडी नसली तरी दिवा खालीच ठेवा, विशेषतः जिथे आडोसा संपतो तिथे.

जूनमध्ये पहिल्या पावसाच्या रात्री आम्ही पुन्हा मोजायला उतरणार आहोत. टोकांना काही केलेलं दिसलं तर इथे कळवीन.